एका कुपनाचा टाय : महायुद्धातली कापडटंचाई आणि गळ्यातलं रेशीम

टायला आपल्याकडे थट्टेने ‘कंठलंगोट’ म्हणतात. शब्द गमतीचा आहे, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. लंगोट निदान लाज झाकते. टाय काय झाकतो? थंडी अडत नाही, ऊन अडत नाही, शर्टाच्या गुंड्यांची पट्टी तेवढी झाकली जाते. मग दुसऱ्या महायुद्धात कापडाचा प्रत्येक वार मोजून वापरायची वेळ आली, तेव्हा हा बिनकामाचा पट्टा सगळ्यात आधी बंद व्हायला हवा होता. तसं झालं नाही. पँटच्या पायाशी असलेली दुमड बंद झाली, जास्तीचे खिसे बंद झाले, टाय मात्र राहिला. बदललं ते त्याचं कापड.

हा बदल कसा झाला, रेशमाच्या जागी काय आलं आणि त्याच वर्षांत आपल्या इंदूर-सोलापूरच्या गिरण्यांचं कापड कुठे जात होतं, हे इथे मांडायचं आहे. विषय गळ्याएवढाच असला तरी त्याचे धागे जपानपासून नागद्यापर्यंत पोचतात.

टाय रेशमाचाच का?

आधी टाय बनतो कसा ते पाहू. वरून तो साधा पट्टा वाटतो, पण आत बरंच काही असतं. वरचं कापड, टोकांना अस्तर आणि मधे बहुधा लोकरीचं भरण. वरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकं, म्हणजे आपले शिंपी ज्याला ‘उरेब’ म्हणतात तसं, ४५ अंशांत कापतात. उरेब कापलेलं कापड थोडं ताणलं जातं आणि सोडलं की परत जागेवर येतं. न्यूयॉर्कचा टाय बनवणारा जेसी लँग्सडॉर्फ याने १९२० च्या दशकात उरेब कापलेले तीन तुकडे जोडून टाय शिवायची रीत रूढ केली. आज आपण जो टाय बांधतो तो बहुतांशी त्याच पद्धतीचा.

उरेब कापाला कापड जास्त लागतं, आणि कडेला तिकोनी कातरण उरते. म्हणजे टाय दिसतो त्यापेक्षा जास्त कापड खातो. तरी सूटच्या मानाने ते कापड किरकोळच.

रेशमाचा गुण असा, की त्याचा धागा लांब, चिवट आणि लवचीक. गाठ मारली की बसते, सोडली की सुरकुती बऱ्यापैकी निघून जाते. रंग खोल बसतो, चमक येते. इंग्लंडमध्ये चेशरमधलं मॅक्लसफील्ड हे रेशमाचं गाव; तिथल्या बारीक नक्षीच्या टायच्या कापडाला मोठं नाव होतं. पण कच्चं रेशीम इंग्लंडात पिकत नाही आणि अमेरिकेतही नाही. अमेरिकेला लागणाऱ्या कच्च्या रेशमापैकी सुमारे नव्वद टक्के एकट्या जपानमधून येत असे. त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बायकांचे लांब पायमोजे. टायचा वाटा त्या मानाने लहान, पण पुरुषांच्या कपाटात रेशीम असलंच तर ते बहुधा टायमध्येच.

रेशीम लढाईवर गेलं

२६ जुलै १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली. व्यापार थांबला. लगेचच ऑगस्टच्या सुरुवातीला नागरी वापरासाठी कच्च्या रेशमावर प्रक्रिया करायला बंदी आली आणि उरलेला साठा सरकारने लष्करासाठी राखून ठेवला. पर्ल हार्बरचा हल्ला अजून चार महिने दूर होता. युद्धाची झळ अमेरिकन घरात बंदुकीच्या आधी कपड्यांच्या दुकानात पोचली ती अशी.

लष्कराला रेशीम कशाला? पॅराशूटसाठी, हे आपल्याला चटकन सुचतं. दुसरा उपयोग कमी माहीत आहे. मोठ्या तोफांची दारू कापडी पिशव्यांतून भरत. रेशमाची पिशवी पूर्ण जळून जाते, नळीत धुमसणारा तुकडा मागे राहत नाही. तसा तुकडा राहिला तर पुढची पिशवी भरतानाच स्फोट व्हायचा धोका. म्हणून १९४२ च्या अखेरीपासून अमेरिकेत फाटके रेशमी आणि नायलॉनचे पायमोजेही दुकानांत पेट्या ठेवून गोळा केले गेले.

इंग्लंडमध्ये मॅक्लसफील्डचे माग पॅराशूटच्या कापडाकडे वळले. त्याच परिसरात रेशमावर नकाशेही छापले गेले. शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर वैमानिकाला वाट सापडावी म्हणून हे नकाशे. रेशमाचा नकाशा घडी करून अस्तरात लपतो, भिजला तरी फाटत नाही आणि झडती घेताना कागदासारखा कुरकुरत नाही. पुढे रेशीम अपुरं पडल्यावर हेच नकाशे कृत्रिम रेशमावर छापले गेले. टायचं जे झालं तेच नकाशाचंही झालं.

लढाऊ विमानांच्या वैमानिकांनी स्वतःचा टायही बऱ्याचदा सोडला. मागून शत्रू येतो का हे पाहायला मान सारखी वळवावी लागे, आणि ताठ कॉलरने मान सोलून निघे. त्यामुळे कॉलर-टायच्या जागी रेशमी रुमाल गळ्याभोवती गुंडाळायची पद्धत पडली. चित्रपटांतून तो रुमाल ऐट म्हणून दिसतो; त्याचं मूळ मान वाचवण्यात आहे.

सहासष्ट कुपनांचा हिशेब

१ जून १९४१, रविवार. त्या दिवशी ब्रिटनचे व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनी कपड्यांचं रेशनिंग जाहीर केलं. सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडला होता, म्हणजे लोक दुकानांवर तुटून पडणार नाहीत. बातमी इतकी गुप्त ठेवली होती की नव्या कुपनांची पुस्तकं छापलेलीच नव्हती. सुरुवातीला अन्नाच्या पुस्तकातली मार्गारिनची जास्तीची कुपनं चालवून घेतली.

माणशी वर्षाला ६६ कुपनं. त्यांत पुरुषाने काय घ्यायचं? ओव्हरकोटाला १६ कुपनं, कोटाला १३, लोकरी पँटला ८, जाकिटाला ५, साध्या शर्टाला ५, बुटांच्या जोडीला ७, पायमोज्यांना ३. आणि टायला १. कॉलरलाही १, आणि दोन हातरुमालांना मिळून १.

बेरीज करून पाहा. कोट, जाकीट आणि पँट मिळून २६ कुपनं, म्हणजे वर्षाच्या वाट्यातली एक तृतीयांशाहून जास्त. त्यावर एक शर्ट आणि बूट घेतले की ३८. पुढे कुपनांचा आकडा घसरत गेला, वर्षाला चाळिसाच्याही खाली आला. तेव्हा एक सूट म्हणजे वर्षभराची बहुतेक सगळी पुंजी. कुपन होतं म्हणून पैसे लागत नव्हते असंही नाही. किंमत वेगळी मोजावीच लागे.

म्हणून टायला महत्त्व आलं. तोच कोट तीन-चार वर्षं अंगावर, कोपरं झिजलेली, पण एका कुपनात गळ्याशी काहीतरी नवं दिसायचं. कमीत कमी कापडात जास्तीत जास्त फरक. बंदी घालून सरकारला फार कापड वाचवता आलं नसतं आणि लोकांचा हिरमोड मात्र झाला असता.

हा हिरमोड किती असतो याचा अनुभव सरकारला पँटच्या दुमडीने दिला. १९४२ मध्ये काटकसरीचे नियम आले : पँटच्या पायाशी दुमड नको, डबल ब्रेस्ट कोट नको, खिसे आणि गुंड्या मोजक्याच. व्यापारमंत्री तेव्हा ह्यू डाल्टन होते. दुमड गेल्याचा पुरुषांना एवढा राग आला की कित्येक जण मुद्दाम लांब पँट विकत घेऊन घरी दुमडून शिवू लागले. १९४४ च्या सुरुवातीला हे नियम मागे घ्यावे लागले. अमेरिकेतही १९४२ मध्ये दुमड आणि डबल ब्रेस्ट कोटाखालचं जाकीट यांवर बंदी आली. उलट बाजूने, ढगळ कोट आणि घोळदार पँटचा ‘झूट सूट’ घालणाऱ्या तरुणांना, त्यांत मेक्सिकन वंशाच्या मुलांना, कापड उधळणारे देशद्रोही ठरवून जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर खलाशांनी मारलं, त्यांचे कपडे फाडले. कापडाचा वार हा त्या काळात नुसता वार नव्हता.

रेशमाच्या जागी काय आलं?

रेशीम गेल्यावर टायवाल्यांपुढे तीन वाटा होत्या : लोकर, सूत आणि रेयॉन.

लोकरीचे विणलेले टाय आधीपासून होते. ते जाड, गाठ मोठी, पण चुरगळत नाहीत. सुती टाय स्वस्त, पण गाठीच्या जागी लवकर मळतो आणि सुरकुततो. अमेरिकन सैन्याने १९४२ मध्ये आपल्या पोशाखातला काळा टाय काढून खाकी टाय आणला. रेशमाची चमक कुणाला हवी असेल तर उत्तर एकच, रेयॉन.

रेयॉन म्हणजे आपल्याकडचं ‘कृत्रिम रेशीम’ किंवा ‘आर्ट सिल्क’. १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज तयार केलं. कोर्टोल्ड्स कंपनीने त्याचे हक्क १९०४ मध्ये घेतले आणि कव्हेंट्रीला कारखाना काढला. ‘रेयॉन’ हे नाव १९२४ मध्ये अमेरिकेत रूढ झालं, कारण ‘कृत्रिम’ म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडे. दुसरा प्रकार ॲसिटेट. पहिल्या महायुद्धात विमानांच्या कापडी पंखांवर चढवायचा लेप म्हणून तो बनत होता. युद्ध संपल्यावर त्याचं करायचं काय, म्हणून ड्रेफस बंधूंनी त्याचा धागा काढला. म्हणजे एका युद्धाचा लेप दुसऱ्या युद्धात गळ्यात आला.

रेयॉनची मोठी खोड ही की ते भिजलं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. शर्टाला, चादरीला, लुगड्याला ही खोड महागात पडते, कारण ती आपटून धुवावी लागतात. टाय कोण धुतो? वर्षानुवर्षं तो खुंटीवर असतो, फार तर ओल्या फडक्याने पुसला जातो. रेयॉनचा सगळ्यात मोठा दोष टायमध्ये उघडाच पडत नाही. बदली कापड खपवायला टायइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

दुसरी खोड मात्र टायलाच नडते, ती म्हणजे सुरकुती. गाठ सोडली तरी वळ तसाच राहतो. यावरचा उपाय युद्धाच्या आधीच तयार होता. मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली या कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी पहिल्या महायुद्धानंतर कितीतरी वर्षं खपून, धाग्याच्या आत युरिया-फॉर्माल्डिहाइडची राळ मुरवायची पद्धत शोधली. राळ धाग्यावर बसत नाही, आत मुरते. त्यामुळे कापड कडक न होता पुन्हा सपाट होतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हा न चुरगळणारा माल बाजारात आला. टूटलचे टाय पुढे खूप गाजले. पुढच्या काळातलं ‘इस्त्री नको’ छापाचं कापड याच शोधाच्या वंशातलं.

पॅराशूटचंही असंच झालं. तिथे रेशमाची जागा नायलॉनने घेतली. ड्यूपाँटने नायलॉन १९३८ मध्ये जाहीर केलं, मे १९४० मध्ये पायमोजे अमेरिकाभर विक्रीला आले आणि दोनच वर्षांत सगळं नायलॉन लष्कराकडे वळलं. जून १९४२ मध्ये ॲडेलिन ग्रे या तरुणीने कनेटिकटमध्ये नायलॉनच्या पॅराशूटने पहिली उडी मारली. युद्ध संपल्यावर उरलेल्या पॅराशूटच्या कापडातून बायकांनी पोलकी आणि लग्नाचे झगे शिवले.

टाय सोडायचा का नाही?

टाय टिकला याचं कारण नुसतं कुपन नाही. त्याला एक अर्थ होता.

ब्रिटिश सैन्यात साधा शिपाई बंद गळ्याचा बॅटलड्रेस घाले. उघडी कॉलर आणि टाय हा अधिकाऱ्याचा मान. १९४४ मध्ये शिपायांनाही बाहेर फिरायला जाताना कॉलर-टाय घालायची मुभा मिळाली. ही सवलत कागदावर लहान, शिपायाच्या लेखी मोठी. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाला सरकारने नागरी कपड्यांचा संच दिला : सूट, शर्ट, बूट, हॅट, रेनकोट, आणि टाय. सहा वर्षं वर्दीत काढलेला माणूस पुन्हा ‘मिस्टर’ झाला, त्याची खूण म्हणून टाय त्या पेटीत होता.

आपल्या भागाला हा अर्थ नवा नव्हता. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची फ्रेंच चित्रकार बर्नार बूते द मोनव्हेल याने काढलेली दोन चित्रं प्रसिद्ध आहेत. १९२९ च्या चित्रात महाराज पाश्चात्त्य संध्यापोशाखात, गळ्यात पांढरा बो. काही वर्षांनंतरच्या चित्रात तेच महाराज मराठेशाही पोशाखात. महाराजांना दोन्ही उपलब्ध होते. कुठला कधी घालायचा हे ते स्वतः ठरवत.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या असं ठरवू दिलं नाही त्यांच्यासाठी टायचा अर्थ आणखी वेगळा होता. अस्पृश्यांनी कोणता कपडा घालावा, कुठवर घालावा, हे गाव ठरवत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले, ते सूट आणि टायमध्ये. ऐन कापडटंचाईतली ही वर्षं. आज गावोगावच्या पुतळ्यांत कोट-टाय अगदी नेमाने दिसतो. तिथे कोणी त्याला कंठलंगोट म्हणत नाही. बिनकामाचा वाटणारा पट्टा काय काम करतो, हे इथे कळतं.

त्याच वर्षांत आपल्याकडे

आता हिशेबाची दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये कुपनं कमी होती, पण होती. मजूर असो की सरदार, मूळ वाटा कायद्याने एक. हिंदुस्थानात युद्धाची बहुतेक वर्षं असा वाटाच नव्हता.

इथल्या गिरण्या बंद नव्हत्या, उलट पाळ्या वाढवून चालत होत्या. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, आणि संस्थानी मुलखात इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा. इंदूरच्या मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल या गिरण्यांचे भोंगे शहराचं घड्याळ होते. पण कापडाचा मोठा हिस्सा लष्कराकडे जाई : खाकी ड्रिल, तंबू, पट्ट्या. हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं; बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून निघालेले जवानही त्यात. शिवाय जपान आणि लँकेशायरचा माल बंद झाल्यामुळे मध्यपूर्व आणि आफ्रिकेच्या बाजारालाही इथूनच कापड जाऊ लागलं. जपानहून आपल्याकडे येणारा मालही थांबलेला. उत्पादन वाढूनही दुकानात ताका दिसेना.

परिणाम भावांत दिसला. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या सुमारे पाचपट झाले. तेव्हा कुठे जून १९४३ मध्ये सुती कापड आणि सुताच्या नियंत्रणाचा हुकूम निघाला. कमाल भाव ठरले, कापडावर किंमत आणि महिना छापणं सक्तीचं झालं, साठा ठरावीक मुदतीत विकणं बंधनकारक झालं. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचं जाडंभरडं कापड काढलं गेलं. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्दप्रयोग आणि त्याच्या जोडीला ‘काळाबाजार’ हा शब्द घरोघरी रुळला तो याच वर्षांत. भाव बांधला, पण माणशी वाटा ठरवला नाही, तर माल दुकानातून नाहीसा होतो, हा धडा तेव्हा मिळाला. अनेक शहरांत कापडाचं रेशनिंग सुरू व्हायला १९४५ उजाडलं.

सगळ्यात वाईट दशा बंगालची. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली आणि त्यामागोमाग वस्त्रांचा दुष्काळ आला. घरात एकच धड साडी, ती नेसून एकीने बाहेर जायचं, तोवर बाकीच्यांनी दाराआड बसायचं, अशी वेळ खेड्यापाड्यांतून आली. माणिक बंद्योपाध्याय यांनी या वस्त्रदुष्काळावर कथा लिहिली, तिचं नाव ‘दुःशासनीय’. द्रौपदीची आठवण करून देणारं ते एक नावच पुरेसं आहे. तिकडे प्रश्न एका कुपनात टाय घ्यावा की दोन रुमाल, आणि इकडे अंग झाकायला कापड नाही. दोन्हीकडे साम्राज्य एक, युद्ध एक, आणि गिरण्यांवर हुकूमही त्याच सरकारचा.

हातमागवाल्यांना सुताने मारलं. गिरणीचं सूत गिरणीतच खपू लागलं, विणकराच्या हाती येईना. कृत्रिम रेशमाचा धागा युद्धापूर्वी मुख्यतः जपान आणि युरोपातून येई, तोही डिसेंबर १९४१ नंतर आटला. आपल्या सीमाभागात याचा संबंध थेट लुगड्याशी येतो. इरकली लुगड्याच्या काठापदरात खऱ्या रेशमाबरोबर कृत्रिम रेशीमही वापरतात. विणकर त्याला ‘चमका’ म्हणतात. साहेबाच्या टायमध्ये रेशमाच्या जागी बसलेला धागा आणि आपल्या आजीच्या पदरातला चमका एकाच जातीचे.

एक वस्तू मात्र युद्धाने इथे वाढवली : खरं रेशीम. जपानी रेशीम बंद झाल्यावर दोस्त राष्ट्रांना म्हैसूर आणि काश्मीरच्या रेशमाची आठवण झाली. म्हैसूर संस्थानात पॅराशूटच्या रेशमासाठी कोष उकलण्याचे कारखाने वाढवले गेले आणि कानपूरला १९४१ मध्ये पॅराशूटचा सरकारी कारखाना निघाला. इथलं रेशीम आभाळात गेलं, ना टायमध्ये ना पैठणीत.

युद्ध संपलं, कापड राहिलं

ब्रिटनमधलं कपड्यांचं रेशनिंग मार्च १९४९ मध्ये उठलं. आपल्याकडे १९४८ च्या सुरुवातीला कापडावरचं नियंत्रण काढलं, भाव भडकले, आणि त्याच वर्षी ते परत आणावं लागलं. अमेरिकेत उलट प्रकार : टाय चार-साडेचार इंच रुंद, भडक रंगांचे, हाताने रंगवलेले. ‘एस्क्वायर’ मासिकाने १९४८ मध्ये या ऐटीला ‘बोल्ड लूक’ नाव दिलं. वर्दीला कंटाळलेल्या पुरुषांनी सगळी हौस गळ्यात फेडून घेतली, आणि त्यातले असंख्य टाय रेयॉनचे होते. रेशीम परत मिळू लागलं तरी बदली कापडाने आपली जागा सोडली नाही.

बदली धाग्याने आपल्या मुलखातही घर केलं. ऑगस्ट १९४७ मध्ये ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी स्थापन झाली, आणि १९५४ मध्ये चंबळेकाठच्या नागद्याला लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोजचा आखूड धागा काढायला सुरुवात झाली. कल्याणजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन, निजामाच्या मुलखात कागजनगरला सिरसिल्क, त्रावणकोरमध्ये पेरुंबावूरचा कारखाना : हे सगळे त्याच दशकातल्या टंचाईनंतरच्या विचारातून उभे राहिले. धागा बाहेरून आणायचा तर लढाई लागली की माग बंद, हे विणकराने आणि मालकाने दोघांनीही पाहिलं होतं. ग्वाल्हेर सूटिंगच्या कोटाखाली नागद्याच्या धाग्याचा टाय असं पुढे कितीतरी मराठी कारकुनांच्या आणि मास्तरांच्या लग्नाच्या फोटोत असेल.

पेटीतला टाय कसा ओळखावा

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या ट्रंका असतील. त्यांत टाय सापडला तर टाकून देऊ नका. पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

टायच्या मागच्या बाजूचं लेबल बघा. दोन गोल तुकड्यांसारखे इंग्रजी ‘सी’ आणि त्यापुढे ४१ असा शिक्का असेल तर तो ब्रिटनच्या युद्धकालीन ‘युटिलिटी’ योजनेचा माल. ही योजना १९४१ मध्ये सुरू झाली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली, म्हणून शिक्का असला की लगेच ‘युद्धातला’ असं लिहू नये. ‘१९४१ नंतरचा’ असं लिहावं.

कापड कशाचं हे पाहायला आतल्या शिवणीतला एखादा सुटा धागा पुरतो. चिमट्यात धरून, बशीवर, काळजीने जाळावा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. व्हिस्कोज रेयॉन आणि सूत कागदासारखं भुरकन जळतं, वासही कागदाचा. ॲसिटेट वितळतं आणि कडक काळा मणी राहतो. टाय जाळायचा नाही, धागा जाळायचा. आणि धागा सुटा नसेल तर ओढून काढायचा नाही.

जुना टाय धुऊ नये, विशेषतः रेयॉनचा, कारण भिजल्यावर तो अशक्त होतो हे वर आलंच. कडक इस्त्री फिरवू नये. गाठ तशीच असेल तर आधी फोटो काढून मग सैल करावी आणि टाय टांगण्याऐवजी सैल गुंडाळून सुती कापडात ठेवावा. आतलं भरण लोकरीचं असतं, त्यामुळे कसर आधी आतून लागते. वरून टाय धड दिसला तरी चाचपून पाहावा.

आणि त्याच ट्रंकेत एखादं न वापरलेलं धोतर किंवा मांजरपाटाचा तुकडा असेल, तर त्याची कडही तपासा. गिरणीचं नाव, किंमत आणि महिना छापलेला असेल तर ती कंट्रोलच्या काळाची खूण. टायला लोक हौसेने जपतात. तो छापील कडेचा तुकडा बहुधा फडकं म्हणून संपून जातो. इंदूरच्या किंवा सोलापूरच्या गिरणीतून त्या महिन्यात काय निघालं आणि काय भावाने विकायचं ठरलं होतं, याचा पुरावा त्याच कडेवर आहे. दोन्हींचे फोटो काढावेत, वस्तू कोणाची आणि कोणत्या गावची ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावं, आणि दोन्ही एकाच घडीत जपावेत.